धिंड व वाळीत

धिंड व वाळीत : वैवाहिक आचरणाच्या रूढ मर्यादा मोडणाऱ्या स्त्रीपुरुषांस गावाने किंवा जातीने जाहीरपणे लज्जित करण्याच्या दोन प्रथा. दोषी ठरविलेल्या व्यक्तीस विद्रूप करून, बहुधा गाढवावर बसवून, गावातून फिरविणे म्हणजे धिंड काढणे. तर तिच्याशी रोटीबेटी, विस्तव-पाणी व धर्मकार्य यांचा व्यवहार तोडणे म्हणजे वाळीत टाकणे होय. ‘वाळणे’ म्हणजे वगळणे वा टाकणे या जुन्या क्रियापदावरून दुसरी संज्ञा आली आहे. धिंड ही काही घटकांची शिक्षा, तर वाळीत ही वर्षानुवर्षे चालू शकणारी. परंतु दोहोंचा हेतू एकच असे. घरात घडलेली गोष्ट घराबाहेर आणून तिचा निवाडा सर्वांसमक्ष करावयाचा, हा तो हेतू. व्यभिचार, जातीबाहेरचा संबंध, निषिद्ध पुनर्विवाह, नवऱ्याला सोडून दुसऱ्याच्या घरी राहणे आणि दोषी ठरलेल्या पत्नीस घरात ठेवून घेणे, ही या शिक्षांची प्रमुख कारणे होती. शेवटच्या कारणामुळे एकाच्या दोषात पतिपत्नी दोघेही सापडत.

यूरोपातील अनेक देशांत अशा प्रसंगी गावातील तरुण मंडळी गोंगाट करीत जोडप्याची टवाळी करीत. महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने पंचांच्या बैठकीत व ठरावीक विधीने होत असे. त्यामुळे येथील शिक्षेला सुरुवात होती तसा शेवटही होता. दंड, प्रायश्चित्त व जातिभोजन झाले की दोषी माणूस पुन्हा पंक्तीस बसू शके. ही परतीची वाट हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य होय; परंतु त्या वाटेची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागली नाही, हेही तिच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

शब्द व प्रतीके : या प्रथांच्या खुणा मराठी भाषेत ठसठशीतपणे उमटल्या आहेत. ‘धिंडवडे निघणे’, ‘चव्हाट्यावर आणणे’, ‘अब्रू वेशीला टांगणे’, ‘तोंडाला काळे फासणे’, ‘नाक कापणे’ इ. वाक्प्रचार आता लाक्षणिक अर्थाने वापरले जातात. तथापि चव्हाटा, वेस व चावडी ही गावगाड्यातील खरोखरीची स्थाने होत. चार वाटा मिळतात तो चव्हाटा, गावाची हद्द सांगणारी वेस आणि पाटील-कुलकर्ण्यांची बैठक असलेली चावडी, अशा ज्या ठिकाणी सारा गाव एकत्र येतो तेथेच अब्रू मिळे आणि जाईही. ‘काडीमोड’ हा शब्दही असाच आहे. पंचांसमोर काडी मोडून विवाह संपल्याचे जाहीर करण्याच्या चालीवरून तो रूढ झाला.

धिंडीची सामग्री ठरलेली असे : डोक्यावर वस्तऱ्याने पाट काढणे, तोंडाला काजळी किंवा चुना फासणे, गळ्यात फुटक्या वहाणांची किंवा खापरांची माळ, बसावयास गाढव आणि तोंड शेपटीकडे. विवाहाच्या वरातीतील प्रत्येक गोष्टीचे हे उलटे रूप होय. घोड्याऐवजी गाढव, हाराऐवजी वहाणा, हळदीऐवजी काजळी आणि मंगलवाद्यांऐवजी पोरांचा कालवा. जी वरात गावाने विवाहाच्या वेळी मान्यतेची खूण म्हणून पाहिली, तिचीच ही विटंबना असे.

गाढव व लैंगिक अपकीर्ती यांची सांगड फार जुनी आहे. व्यभिचारी स्त्रीचे मुंडन करून, अंगास तूप फासून, तिला विवस्त्र स्थितीत गाढवावर बसवावे व राजमार्गाने फिरवावे, असे वसिष्ठधर्मसूत्रात (अध्याय २१) सांगितले आहे. पुरुषाच्या वर्णानुसार गाढवाचा रंगही तेथे निराळा आहे. मात्र एवढे झाल्यावर ती शुद्ध होते, असेही तेच सूत्र म्हणते. मनुस्मृतीतही (८·३७०) एका लैंगिक अपराधाबद्दल स्त्रीचे मुंडन करून तिला गाढवावरून नेण्याची शिक्षा आहे. शिलाहार व यादव काळांतील दानलेखांच्या शिळांवर ‘गद्धेगाळ’ नावाची शापचित्रे आढळतात. दान मोडणाऱ्याच्या आईवर गाढवाकरवी होणारा अत्याचार त्यांत कोरलेला असतो. रायगड जिल्ह्यातील आक्षी येथील शके ९३४ (इ. स. १०१२) चा मानला जाणारा शिलालेख अशा गद्धेगाळाच्या शिळेवर आहे. अपराध करणारा पुरुष आणि विटंबना मात्र त्याच्या आईची, ही या शापाची रीत पुढील काळातील लोकशासनाच्या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. ग्रीक लेखक प्लुटार्क याने कायमी या नगरातील व्यभिचारिणीस गाढवावरून फिरवीत व तिला आयुष्यभर ‘गाढवावर बसलेली’ असे म्हणत, अशी नोंद केली आहे. यावरून ही कल्पना एका देशापुरती नव्हती, हे दिसून येते.

जातगंगा व गोत : जातीच्या सभेस ‘जातगंगा’ म्हणत. गंगेप्रमाणे ती दोष धुऊन टाकते, असा त्यामागील भाव होता. वतन व प्रतिष्ठा यांसंबंधीचे तंटे सोडविणारी गोतसभा गावाची किंवा परगण्याची असे; विवाह, पाट, काडीमोड व व्यभिचार हे विषय मुख्यतः जातीच्या पंचांकडे येत. जातीचा प्रमुख मेहेतर, नाईक, पाटील, शेट्ये अशा निरनिराळ्या नावांनी ओळखला जाई. तक्रार आल्यावर पंच दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकत, साक्षी घेत आणि पुरावा अपुरा पडल्यास शपथ किंवा दिव्य करावयास लावीत.

दोष शाबीत झाल्यास जोडप्यापुढे दोन मार्ग उरत. नवऱ्याने बायकोस टाकावे, म्हणजे त्याचा जातीशी संबंध अबाधित राही. किंवा तिला ठेवून घ्यावयाची असल्यास दंड भरून व प्रायश्चित्त घेऊन दोघांनी गोतात यावे. या दंडास व जातीत परत घेण्याच्या विधीस ‘गोतपत’ ही संज्ञा होती. क्षौर, नदीत स्नान, देवाचे तीर्थप्रसाद आणि शेवटी जातिभोजन असा त्याचा क्रम असे. पंक्तीत पंचांनी दोषी माणसाच्या हातचा किंवा त्याच्याबरोबर पहिला घास घेतला, की वाळीत संपले. वरिष्ठ जातींत पैठण, नाशिक, कऱ्हाड, वाई इ. क्षेत्रांतील ब्राह्मणांकडून प्रायश्चित्ताचा निर्णय व शुद्धिपत्र आणावे लागे.

वाळीत टाकण्याचा जाच ज्या रीतीने होई, ती ध्यानात घेतली म्हणजे या शिक्षेचे सामर्थ्य कळते. न्हावी हजामत करीत नसे, परीट कपडे घेत नसे, विहिरीवर घागर भरू देत नसत, चुलीसाठी शेजारी विस्तव देत नसे. घरात मृत्यू झाल्यास खांदेकरी मिळत नसत. सर्वांत कठीण म्हणजे मुलांची लग्ने अडत. बहिष्कृताशी संबंध ठेवणारासही तीच शिक्षा असल्याने आईबाप व भावंडे यांनाच आपल्या माणसाला दाराबाहेर ठेवावे लागे. बळाचा प्रयोग न करता माणसाला शरण आणणारे हे साधन होते. बलुतेदारी व जातिबंधन यांवर उभ्या असलेल्या गावात त्यावाचून जगणे अशक्यप्राय होते.

मराठेशाही : अठराव्या शतकात या व्यवस्थेस राजसत्तेची जोड होती. व्यभिचारास मराठी कागदपत्रांत ‘बदअंमल’, ‘बदकर्म’, ‘शिंदळकी’ असे शब्द येतात. पेशव्यांच्या दप्तरातील नोंदींवरून बदअंमलाबद्दल घेतलेली गुन्हेगारी, म्हणजे दंड, ही सरकारी उत्पन्नाची एक बाब होती असे दिसते. पुणे शहरात कोतवालाकडे अशा प्रकरणांचा तपास असे. १७९१ मध्ये स्वतःच लोकक्षोभास बळी पडलेला घाशीराम कोतवाल हा या अधिकाराच्या दुरुपयोगाचे उदाहरण म्हणून स्मरणात राहिला. त्यालाही मृत्यूपूर्वी शहरातून फिरविण्यात आले होते.

शिक्षेतील विषमता या काळात ठळकपणे दिसते. पुरुष बहुधा दंड भरून सुटे. दोषी ठरलेल्या स्त्रियांपैकी अनेकींना किल्ल्यांवर कैदेत ठेवीत, सरकारी कोठ्यांत कामास लावीत किंवा कुणबीण म्हणून विकीत. कोणती जात, किती ऐपत आणि माहेरचे पाठबळ किती, यांवर स्त्रीचे भवितव्य अवलंबून असे. जातीने गोतात परत घेण्याची तयारी दाखविली, तरी दंडाची रक्कम उभी करण्याचे सामर्थ्य तिच्या स्वतःकडे क्वचितच असे. त्यामुळे परतीची वाट नवऱ्याच्या किंवा बापाच्या इच्छेवर ठरे.

पाट व त्याची लज्जा : ब्राह्मणादी काही जातींत विधवाविवाह निषिद्ध होता, बहुसंख्य शेतकरी व कारागीर जातींत मात्र पाट किंवा मोहोतूर लावण्याची मोकळीक होती. सरकार त्यावर ‘पाटदाम’ नावाचा करही घेई. तथापि मान्य असलेला हा विवाहदेखील उजळ माथ्याने होत नसे. पाट रात्री, पुष्कळदा गावाबाहेर किंवा आडजागी लागे. सुवासिनी त्यास हजर राहत नसत. लग्नानंतर काही काळ त्या जोडप्याचे तोंड पाहणे अशुभ समजत. नवरा अविवाहित असल्यास त्याचे लग्न प्रथम रुईच्या झाडाशी लावीत, म्हणजे विधवेशी होणारा विवाह त्याचा दुसरा ठरे.

यूरोपात विधवा-विधुरांच्या पुनर्विवाहाच्या रात्री भांडी बडवून गोंगाट करीत. दख्खनमध्ये त्याच प्रसंगी अंधार व मौन पाळीत. साधने परस्परविरुद्ध, पण सांगणे एकच : हा विवाह चालेल, परंतु पहिल्याच्या बरोबरीचा नव्हे. जाहीर लज्जेचे हे सौम्य रूप म्हणता येईल.

ज्या जातींत पाट निषिद्ध होता, तेथे लज्जेचे रूप उग्र होई. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाह वैध झाला, तरी जातीच्या बहिष्कारावर त्याचा इलाज नव्हता. विष्णुशास्त्री पंडित यांच्या पुढाकाराने १८६९ मध्ये मुंबईत झालेल्या पुनर्विवाहानंतर त्या पक्षावर बहिष्कार पडला आणि १८७० मध्ये पुण्यास शंकराचार्यांसमोर गाजलेला वाद झाला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केल्यावर त्यांच्या मुरूड या गावाने त्यांना वाळीत टाकले. ते घरी उतरल्यास त्यांच्या आईस व भावासही बहिष्कृत करण्याची धमकी होती. विवाह केलेल्या जोडप्यापेक्षा त्याच्या आप्तांना वेठीस धरण्याची वाळीतेची रीत येथे स्पष्ट दिसते.

सोलापूर जिल्हा : या जिल्ह्यात मराठी, कन्नड व तेलुगू या तीन भाषांचे लोक शतकानुशतके एकत्र नांदत आले आहेत. मराठे, धनगर, माळी, महार, मांग या समाजांबरोबर लिंगायत, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर आणि कैकाडी, वडार, पारधी, टकारी यांसारख्या फिरत्या जमाती यांमुळे येथे विवाहविषयक चालींचे मोठे वैविध्य होते. मे १८१८ मध्ये सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात आला. त्यानंतर दख्खनमधील जातींच्या चाली समजून घेण्यासाठी आर्थर स्टील याने सरकारच्या आज्ञेने संकलन केले. ते १८२७ मध्ये प्रसिद्ध झाले. १८८४ मध्ये प्रकाशित झालेल्या सोलापूर जिल्ह्याच्या गॅझेटिअरात एकेका जातीचे वर्णन संपताना सामाजिक तंटे जातीच्या सभेत मिटवितात, असा उल्लेख वारंवार येतो. याच दशकांत सोलापूर शहरात कापडगिरणी उभी राहून गिरणगावाचे नवे जीवन सुरू झाले होते. तरीही विवाहाचा निवाडा जातीकडेच होता, हे त्या नोंदींवरून कळते.

लज्जेच्या भीतीचे सर्वांत दारुण दर्शन याच जिल्ह्यातील पंढरपूर येथे घडले. यात्रेच्या गर्दीत ओळख लपविता येई, म्हणून गरोदर राहिलेल्या विधवा दूरदूरहून तेथे येत. कित्येकींची मुले टाकून दिली जात किंवा मारली जात. तेथील दुय्यम न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ मध्ये पुढाकार घेऊन बालहत्या प्रतिबंधक गृह स्थापन केले. प्रार्थना समाजाने त्याची व्यवस्था पाहिली. त्यापूर्वी १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यास अशाच हेतूने गृह उघडले होते. या संस्थांनी कोणाचा न्याय केला नाही. फक्त स्त्रीला चव्हाट्यावर न येता बाळंत होण्याची सोय दिली. त्यांची गरज पडावी, यातच धिंड व वाळीत यांची दहशत किती होती याचे माप मिळते. १८८१ मध्ये सुरत येथे बालहत्येबद्दल एका विधवेस झालेल्या शिक्षेवरून वृत्तपत्रांत स्त्रीजातीची जी निंदा झाली, तिला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी स्त्रीपुरुष तुलना (१८८२) लिहिले. दोष दोघांचा असताना अपकीर्ती एकटीची का, हा त्या ग्रंथाचा मूळ प्रश्न होय.

शिमगा व विनोदी धिंड : शिक्षेव्यतिरिक्त धिंडीचे एक खेळकर रूपही लोकजीवनात आहे. शिमग्याच्या दिवसांत बोंब मारणे, शिव्या देणे व सोंगे काढणे यांस मुभा असे. एरवी उघड न बोलता येणारी घराघरांतील बिंगे त्या दिवशी बोलली जात आणि त्याबद्दल कोणी दावा मांडीत नसे. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात विडा या गावी धुळवडीला गावच्या एखाद्या जावयास शोधून आणून, गळ्यात चपलांची माळ घालून, गाढवावरून वाजतगाजत मिरविण्याची प्रथा अनेक दशके चालत आली आहे. शेवटी त्यास नवा पोशाख व भेटवस्तू देऊन सन्मानाने निरोप देतात. एरवी ज्याचा मान राखावा लागतो त्या जावयाचीच ही थट्टा. साहित्य सगळे शिक्षेचे, पण शेवट आहेराचा. त्यामुळे तिला धिंडीचे विडंबन म्हटले पाहिजे. प्रतिष्ठा काढून घेण्याचा व परत देण्याचा अधिकार गावाचा, ही जुनी समजूत मात्र त्यातही कायम आहे.

यूरोपीय प्रथांशी तुलना : फ्रान्समध्ये चौदाव्या शतकापासून ‘शारिव्हारी’ या प्रथेचे उल्लेख मिळतात. विजोड वयाचे विवाह व पुनर्विवाह करणाऱ्यांच्या दाराशी तरुण मंडळी रात्री भांडी, घंटा व शिंगे वाजवीत आणि पैसे वा मद्य मिळाल्यावर निघून जात. चर्चने तिचा वारंवार निषेध केला. इंग्लंडमध्ये ‘स्किमिंग्टन’ नावाच्या मिरवणुकीत बायकोचा मार खाणाऱ्या नवऱ्याची नक्कल करीत. त्याचे सोंग घेतलेला इसम घोड्यावर किंवा गाढवावर उलटा बसे व बायकोचे सोंग त्याला पळीने बडवी. सॉमरसेटमधील माँटेक्यूट हाउस या वाड्यात सु. १६०० मधील अशा मिरवणुकीचे चुनेगच्चीतील शिल्प आहे. टॉमस हार्डी याच्या द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज (१८८६) या कादंबरीत अशाच मिरवणुकीने एका स्त्रीचा प्राण घेतल्याचा प्रसंग आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हा गोंगाट बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांविरुद्धही होऊ लागला, असे इतिहासकार ई. पी. टॉम्पसन याने १९७२ मधील निबंधात दाखविले.

महाराष्ट्रातील प्रथेशी तुलना करता दोन भेद जाणवतात. यूरोपीय गोंगाट जातिभेद नसलेल्या शेजाराचा होता व बहुधा थोड्या काळात संपे. येथील शिक्षेमागे जातीची संघटना असून तिचे परिणाम पुढच्या पिढीपर्यंत पोहोचत. दुसरे असे, की तेथे दुबळा किंवा मारकुटा नवरा हाही टवाळीचा विषय होई. येथे पत्नीस मारहाण हे पंचांपुढे येण्याजोगे कारण क्वचितच मानले गेले.

ब्रिटिश कायदा : इंग्रजी अंमलात या अधिकारावर दोन परस्परविरोधी धोरणांचा परिणाम झाला. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या दुसऱ्या विनियमाने (कलम २१) जातिविषयक प्रश्नांत दिवाणी न्यायालयांनी हात घालू नये असे ठरविले. जातीची व लौकिकाची हानी झाल्याबद्दल भरपाईचा दावा तेवढा चालू शके. म्हणजे वाळीत टाकण्याचा जातीचा अधिकार अबाधित राहिला. याउलट विवाह मोडण्याचा तिचा अधिकार मुंबई उच्च न्यायालयाने नाकारला. १८६४ मध्ये करसन गोजा याच्या खटल्यात, पतीच्या संमतीवाचून स्त्रीस दुसरा विवाह करू देणारी जातीची रूढी अग्राह्य ठरली. १८७६ मध्ये संभू रघू याच्या खटल्यात, विवाह रद्द ठरविण्याची किंवा स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याची जातीची सत्ता न्यायालय मानणार नाही, असा निर्णय झाला. जातीच्या पंचांनी काडीमोड देऊन दुसरे लग्न लावलेली स्त्री त्यामुळे सरकारी कायद्यान्वये गुन्हेगार ठरू शकली. जातगंगेच्या हातात होते त्यांपैकी सोडविण्याचे साधन अशा रीतीने क्षीण झाले आणि शिक्षेचे साधन शिल्लक राहिले.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने (कलम ४९७) व्यभिचार हा पुरुषाचा गुन्हा मानला. फिर्यादीचा अधिकार स्त्रीच्या पतीस दिला आणि स्त्रीस शिक्षेतून वगळले. ही सूट दयेपोटी दिसली, तरी तिच्यामागे पत्नी ही पतीच्या अधिकारातील वस्तू आहे ही समजूत होती. सरकारने न दिलेली शिक्षा स्त्रीस जातीकडून मिळतच राहिली.

भटक्या जमाती व जातपंचायत : विसाव्या शतकात स्थिर गावांतील जातसभांचा प्रभाव शिक्षण, स्थलांतर व न्यायालये यांमुळे ओसरत गेला. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांच्यावर जन्मतःच शिक्का बसला, त्या भटक्या जमातींत मात्र जातपंचायत टिकून राहिली. सोलापूर येथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणातील वसाहत (सेटलमेंट) होती. पोलीस व न्यायालय यांच्याकडून ज्यांना केवळ छळ वाट्याला आला, त्यांनी आपले तंटे आपल्या पंचांपुढेच नेले, हे स्वाभाविक होते. १९५२ मध्ये हा कायदा देशभर रद्द झाला; पण पंचायतीची सवय लगेच सुटली नाही. जेजुरी येथील पौषातील गाढवांचा बाजार, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील मढी येथील कानिफनाथाची यात्रा अशा ठिकाणी या जमातींच्या पंचायती भरत. देजाचे पैसे, पळून गेलेली बायको, पतीचा संशय ही प्रकरणे तेथे चालत. पत्नीच्या निर्दोषत्वासाठी तापलेले लोखंड किंवा उकळते तेल यांचे दिव्य काही जमातींत सांगितले जाई.

लक्ष्मण माने यांच्या उपरा (१९८०) या आत्मकथनात कैकाडी समाजातील पंचायतीचे आतून घडविलेले दर्शन आहे. शरणकुमार लिंबाळे यांचे अक्करमाशी (१९८४) हे सोलापूर जिल्ह्यातील हन्नूर या गावातून आलेले आत्मकथन. गावच्या धनिक पाटलाच्या संबंधामुळे आईचा संसार मोडला, कलंक तिला व तिच्या मुलांना चिकटला, पाटलाच्या प्रतिष्ठेस मात्र धक्का लागला नाही, ही त्यातील वस्तुस्थिती लोकशासनाची मर्यादा दाखविते. ज्याच्या हाती जमीन व सत्ता, त्याची धिंड निघत नसे.

स्वातंत्र्योत्तर कायदे : मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातिबहिष्कारास बंदी करणारा कायदा केला. परंतु दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्यास आव्हान दिल्यावर, धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरविला. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने घटस्फोटाची तरतूद केली आणि रूढीने चालत आलेला घटस्फोटही कायम ठेवला. १९८९ च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याने विवस्त्र करून किंवा तोंड रंगवून धिंड काढणे हा विशेष अपराध ठरविला. २०१५ च्या दुरुस्तीने चपलांची माळ घालणे व मुंडन करणे यांचाही त्यात नावानिशी समावेश झाला. धिंडीची जुनी सामग्री अशा रीतीने कायद्याच्या कलमांत अपराधांची यादी म्हणून आली.

२०१३ मध्ये नाशिक येथील आंतरजातीय विवाहाशी संबंधित हत्येनंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीस मूठमाती देण्याची मोहीम हाती घेतली. त्यानंतर काही पंचायती बरखास्तही झाल्या. विधिमंडळाने १३ एप्रिल २०१६ रोजी सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला आणि तो ३ जुलै २०१७ पासून अंमलात आला. वाळीत टाकणारास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी त्यात शिक्षा आहे. राज्याने या विषयावर केलेला असा हा देशातील पहिलाच सर्वंकष कायदा मानला जातो. दंडसंहितेचे ४९७ वे कलम सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले. कंजारभाट समाजातील तरुणांनी याच सुमारास नववधूच्या कौमार्याची परीक्षा घेऊन पंचांसमोर तिचा निकाल सांगण्याच्या चालीविरुद्ध आवाज उठविला. कायद्याने प्रथा तत्काळ संपत नाही, याचे उदाहरण सोलापूरच्या शेजारीच आढळते. धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यात २०२१ मध्ये पत्नीच्या चारित्र्याच्या संशयावरून तिला उकळत्या तेलातून नाणे काढावयास लावल्याचा प्रकार उघडकीस आला.

मूल्यमापन : या प्रथांचे समर्थन करताना, राजसत्ता दूर असलेल्या काळात त्यांनी समाज सांभाळला, भांडणे रक्तपाताविना मिटविली आणि चुकलेल्यास पुन्हा सामावून घेतले, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे. गोतपताच्या पंक्तीत दोषी माणसाबरोबर घेतलेला घास ही एक उदार कल्पना होती. कैदखान्यातून सुटलेल्या माणसास असे जाहीर पुनरागमन लाभत नाही. परंतु ज्या पंक्तीत परत बसावयाचे, तिचे पंच सर्व पुरुष होते. दंडाची रक्कम पुरुषाच्या हातात होती आणि शिक्षेची खूण मात्र स्त्रीच्या अंगावर, केसांवर व नावावर राहत होती. शिवाय निवाड्याची पहिली अट अशी, की आरोप सर्वांसमोर यावा. आरोप खोटा ठरला तरी तो सर्वांनी ऐकलेला असे. गोतपत दोषीसाठी होते, निर्दोष ठरलेल्या स्त्रीस तिची अब्रू परत करण्याचा विधी मात्र जातगंगेपाशी नव्हता. पंढरपूरच्या गर्दीत तोंड लपवून आलेल्या स्त्रियांनी या शासनाविषयी कोणतेही लेखी मत मागे ठेवलेले नाही. त्यांचे मत त्यांच्या येण्यातच व्यक्त झाले होते.